भिंतीतली अंडी

सोलैयप्पन चेट्टियार सकाळपासून भिंतीला गाल लावून उभे होते. भिंत गार होती, गुळगुळीत होती आणि तिच्यात त्यांची मिशीसुद्धा दिसत होती. आजोबांच्या काळातला अंड्याचा गिलावा आपण पुन्हा करून दाखवला, या आनंदात त्यांना कॉफीची शुद्ध उरली नव्हती.

बँकेतली नोकरी सोडून त्यांनी कारैकुडीजवळच्या शेतात हे पाहुण्यांचं घर बांधलं होतं. खाली आत्तंगुडीच्या नक्षीदार फरश्या, वर ताडाचे वासे, कोपऱ्यांत मातीचे रांजण. "तिथे चिटपाखरू तरी येईल का," म्हणून मेहुणे हसले होते. पण आज चेन्नईत योग शिकवणाऱ्या मैलापूरच्या वेदवल्ली मामी जागा बघायला येणार होत्या. त्यांना आवडली, तर त्यांची योगशिबिरं वर्षभर इथेच भरणार होती. म्हणजे घर चालणार होतं आणि मेहुण्यांची तोंडं बंद होणार होती.

"मामी कांदासुद्धा खात नाहीत म्हणे," त्यांच्या पत्नी सिगप्पी आची कॉफी पुढे करत म्हणाल्या.

"मग नको घालूस."

"जेवणात नाही घालणार. पण तुमच्या भिंतीत अंडी आहेत, त्याचं काय?"

चेट्टियारांचा गाल भिंतीपासून सुटला. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. गिलावा चालू होता तेव्हा अंडीवाले मुस्तफा भाई रोज टोपलीभर अंडी आणून टाकत. सिगप्पी ती फोडत. अंड्यातल्या पांढऱ्याची म्हणून झाकणाची हंडी करुप्पैया मेस्त्रीकडे जाई आणि पिवळ्या बलकाची भुर्जी चेट्टियारांच्या पानात पडे. चुन्यातल्या अंड्याचा वास सोसायचा नाही म्हणून ते परंपरेकडे लांबूनच बघत. भुर्जीबद्दल मात्र त्यांनी एकदा कुरकुर केली होती.

"हल्ली बलक फार फिके येतात गं."

"कोंबड्यांना विचारा," सिगप्पी म्हणाल्या होत्या.

"आज या घरात अंड्याचं नाव कोणी काढायचं नाही," चेट्टियारांनी आता हुकूम सोडला. सिगप्पी काहीतरी सांगायला गेल्या, तोवर दारात गाडी वाजली.

मामी आल्या त्याच चपला काढून, पाय फरशीवर टेकवून "अहाहा" म्हणत. ताडाच्या पानांच्या टोपल्या त्यांनी हुंगल्या, रांजणांवर टिचक्या मारल्या आणि शेवटी भिंतीला गाल लावला.

"चेट्टियार, ही भिंत आहे की लोणी? घातलंय काय हिच्यात?"

"चुना," चेट्टियार म्हणाले. मग घसा खाकरून पुढे म्हणाले, "आणि हिरड्याचं पाणी, गूळ, असलंच सगळं."

"म्हणजे पोटात जाणारं?"

"अगदी सात्त्विक."

मामींनी टाळीच वाजवली. "ठरलं मग. शिबिरं इथेच. आणि पहिल्या दिवशी सगळ्यांनी हाताने हा गिलावा कालवायचा. आमच्या देवघरालाही हाच हवा. मेस्त्रींना बोलवा, मला आत्ता कालवून दाखवू देत."

चेट्टियारांना घाम फुटला. मेस्त्री आजारी आहेत असं सांगावं की गावाला गेलेत असं सांगावं, हे ठरेपर्यंत फाटकात सायकलची घंटी वाजली. मुस्तफा भाई टोपली सांभाळत उतरले.

"चेट्टियार, जेवणघराच्या भिंतीला अंडी कधीपासून टाकू? की मागच्यासारखीच रोज?"

मामींनी भिंतीला लावलेला गाल पदराने पुसला.

"कसली अंडी?"

चेट्टियारांनी एकदा वाशांकडे आणि एकदा फरशीकडे पाहिलं. दोन्ही जीव ओतून केलेली कामं. त्यांच्यासमोर आणखी खोटं बोलवेना. "मामी, चुकलो. भिंतीत अंडी आहेत. आमच्याकडे पूर्वीपासून घालतात. तुम्ही जाल म्हणून लपवलं."

मामी चपला शोधू लागल्या. तेवढ्यात मागच्या दाराने करुप्पैया मेस्त्री थापी हलवत आले.

"अंडी? कुठली अंडी, मालक? आचींनी एकसुद्धा धाडलं न्हाई. हंडीतनं हिरड्याचं आन् गुळाचंच पाणी यायचं. त्याच्यावरच घोटलीय सगळी भिंत."



"म्हणजे आधी म्हणालात तेच खरं होतं," मामी हातातली चप्पल खाली ठेवत म्हणाल्या. "मग आता हे खोटं कशाला बोललात? विचित्रच माणूस आहात."

"सिगप्पी," चेट्टियार कसेबसे म्हणाले.

"योग करायला येणारी माणसं अंड्याच्या खोलीत झोपतील का? हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तुम्हाला सांगायला गेले की तुम्ही आजोबांना मध्ये आणता. सकाळीही सांगत होते, तर तुमचा हुकूम सुटला."

चेट्टियारांना मेस्त्रीवर ओरडायचं होतं, बायकोवर ओरडायचं होतं. पण मामी पुन्हा भिंतीला गाल लावून शिबिरांच्या तारखा सांगायला लागल्या होत्या.

"मग इतकी अंडी गेली कुठे?" त्यांनी बायकोच्या कानाशी विचारलं.

"बलक फिके येत होते ना? पांढरं त्यातच होतं," सिगप्पी म्हणाल्या आणि त्यांच्या सदऱ्याच्या ताणलेल्या गुंडीकडे बघत राहिल्या.

चेट्टियारांनी भिंतीवरचा हात काढून हळूच पोटावर ठेवला. घोटाई तिथेही चांगली झाली होती.