सरूला सांगण्याची पूर्वतयारी

शिकणाऱ्या माणसाला त्याची चूक सांगणे हे जबाबदारीचे काम असून ते घाईघाईने, म्हणजे चूक दिसल्याबरोबर, कदापि करू नये. पेणजवळ जोह्यातल्या आमच्या गणपती कारखान्याने हे तत्त्व मनापासून स्वीकारले आहे. (मी तिथे रंग कालवतो. मला कोणी काही विचारत नाही, तेव्हा माझे बरे चालले आहे.)

मूर्तींचे डोळे आखणाऱ्या पुंडलिकदादांच्या हाताखाली गेल्या वर्षी सरू शिकायला आली. हंगामात हात बसला तर डोळ्यांचे काम कायमचे तिचे, नाहीतर पुन्हा रोजाने शेतावर, असे मालकांनी ठरवले होते. पहिल्याच दिवशी दिसले की तिच्या गणपतीची नजर भक्ताकडे न येता त्याच्या खांद्यावरून पलीकडे जाते. दादा तिला तिथेच सांगणार, एवढ्यात मालकांनी त्यांना रामवाडीला ‘अवघड बोलणे: पूर्वतयारी’ या शिबिराला धाडले.

तिथे शिकवले की आधी मन शांत करावे, मग मुद्दे लिहावेत, मग कोणाला तरी समोर बसवून तालीम करावी. मन शांत व्हायला दादांना अकरा दिवस लागले. मुद्दे सतरा निघाले. (पंधरा कौतुकाचे, सोळावा हवापाण्याचा.) तालमीला त्यांनी समोर मूर्तीच घेतली, तीही डोळे न आखलेली, कारण डोळे उघडलेल्या देवासमोर त्यांना इतके गोड बोलवेना. अडचण एवढीच, की सरूचा हात भारी चलाख. दादा सहाव्या मुद्द्यावर आले की ती मूर्ती डोळे आखायला उचलून नेई, आणि दादा दुसरी घेऊन पहिल्यापासून सुरू करीत.

मध्येच ती विचारी, “दादा, डोळे बरे जमतात ना?”

“बघू गो,” दादा म्हणत, कारण तयारी पुरी झालेली नसे.

अशा तीनशे बारा मूर्ती गेल्या. शेवटचा टेम्पो भरला, समोर बिनडोळ्यांचा गणपती उरला नाही, तेव्हा दादांनी सतराही मुद्दे सरूलाच वाचून दाखवले.

“एवढंच व्हय?” सरू म्हणाली. “मी उजेडाला बसते, म्हणून मूर्तीचा पाट तिरका ऱ्हातो. पाट फिरवला की झालं. पयल्याच दिवशी सांगायचं व्हतं, दादा.”

मालकांनी टेम्पोतल्या नजरा पाहून सरूला पुन्हा रोजाने शेतावर पाठवले आणि दादांचे प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लावले. मला फार वाईट वाटले. मी ते मनात ठेवले.

तीनशे बारा घरांतून एकही तक्रार आली नाही. तुमचा गणपतीसुद्धा गेल्या वर्षी कपाटाकडेच बघत होता, आणि मूर्ती पसंत करतानाच त्याची नजर खांद्यावरून जाते हे तुम्हाला दिसले होते. तेव्हा दुकानदाराला बोलला असतात, तर निरोप जोह्याला वेळेत पोचला असता. (अजून तयारी चालू असल्यास घाई करू नये.)