रंगनाथाची कच्ची बोटं

लग्नाच्या पंगतीत रंगनाथ खिशातून स्वतःचा चमचा काढायचा. सत्तर सालानंतरचे ते दिवस. श्रीगोंद्याकडे तेव्हा चमच्याने जेवणारा माणूस एक तर साहेब, नाही तर आजारी. वाढपी थबकला की हा शांतपणे सांगायचा, "बोटं कच्ची हायेत. रस्सा झोंबतो."

बोटं कच्ची झाली होती बेस गिटारने. आमच्या साखर कारखान्यात हौशी कामगारांचा ऑर्केस्ट्रा होता. मी हिशेब खात्यातला. वाजवता काहीच येत नसल्याने मला चिटणीस केलं होतं. पुण्याहून जुनी बेस गिटार आली, तेव्हा तिच्या जाड तारा बघूनच दोघे जण मागे सरले. रंगनाथ वजनकाट्यावर कारकून. तो म्हणाला, "भरल्या गाड्या तोलतो मी. चार तारांचं काय घेऊन बसलाय?"

आठवड्यात बोटांच्या टोकांना फोड आले. मग उपचार सुरू झाले. तुरटीचं पाणी झालं, एरंडेल झालं, मेण झालं. कुणी तरी मळी लावायला सांगितली, तर तालमीत गिटारवर मुंग्या चढल्या. गाण्याच्या मध्येच तो बोट उचलून फुंकर घालायचा आणि चाक निखळलेल्या गाडीसारखं गाणं एका बाजूला कलंडायचं.

पेटी वाजवणारे मास्तर आमचे म्होरके. त्यांचं म्हणणं सरळ होतं. थोडं सोसावं, कातडी निबर होते, मग दुखत नाही. सगळ्या वादकांचं तसंच झालं होतं. रंगनाथाचंच होईना. एकदा तो टाचा घासायच्या वजरीने बोटं घासताना सापडला, तेव्हा कारण कळलं.

"टाचा हायेत का रं त्या?" मास्तर म्हणाले.

"निबर बोटं चालायची न्हाईत," एवढंच त्याचं उत्तर.

गणपतीतला कार्यक्रम जवळ आला. बोटं निबर होऊ दे, नाही तर गिटार दुसऱ्याला दे, असा निरोप मास्तरांनी चिटणीस म्हणून माझ्याकडे दिला.

संध्याकाळी गेलो तर रंगनाथ ओट्यावर बायकोच्या मागे बसून तिची वेणी घालत होता. वहिनींना संधिवात होता. हात खांद्याच्या वर जात नसत. कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांची वेणी कोण घालतं हे कुणी विचारलं नव्हतं. बोटांच्या लालभडक टोकांनी तो एकेक गुंता हळूच सोडवत होता.

"गिटार आनली तवा हात लई खरखरीत झालते यांचे," वहिनी मला सांगू लागल्या. "केस अडकून तुटायचे. आता न्हाई तसं."

मग त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी हळू आवाजात निरोप सांगितला. रंगनाथाने मान हलवली, आत गेला आणि चादरीत गुंडाळलेली गिटार आणून माझ्या हाती दिली.

वहिनी दारात आल्या. "कुठं निघाली ती?"

"तारा बदलायला," तो म्हणाला.

"लवकर आना भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "हे वाजवाया लागले का मी हितंच बसती. तेवढंच काय ते घर बोलतं."

बघतो, असं मी म्हणालो. रंगनाथाने वर पाहिलं नाही. कंगवा उजेडाकडे धरून तो त्यात तुटलेले केस शोधत होता.