खिंडीतला जेकशेन

"माझा माणूस कुठाय?" शारकान आपा पहिल्या रांगेतून उठली आणि अख्ख्या थेटराकडे वळून ओरडली, "कुठं घातलात त्याला?"

पडद्यावर घोड्यांचा कळप बर्फातून खाली येत होता. चित्र इतकं लख्ख की घोड्यांच्या नाकातली वाफसुद्धा दिसावी. कारा-जारच्या थेटरात त्या दिवशी नव्या डिजिटल यंत्राचं उद्घाटन होतं. पडदाही कोरा करकरीत बसवला होता. मॅनेजर एसेनकुलनं मुद्दाम हाच पिक्चर लावला, कारण सोव्हिएत काळात तो याच खोऱ्यात काढलेला आणि निम्मं गाव त्यात कुठं ना कुठं उभं होतं.

आपाचा नवरा जेकशेनसुद्धा. घोडे उलटे फिरू नयेत म्हणून त्याला वर खिंडीत घोड्यावर उभं केलं होतं. शूटिंग संपलं आणि घरी येताना नदीनं त्याला घोड्यासकट ओढून नेलं. घोडा खाली सापडला, जेकशेन नाही. बिचारीला रडायला कबर नाही, बघायला फोटो नाही. होता तो फक्त पिक्चरमध्ये, बर्फावर एक काळा ठिपका. दर वर्षी त्याच्या दिवशी ती तेल तापवून बोरसोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळायची, मेलेल्या माणसाला वास पोचावा म्हणून, आणि ती गरम टोपली घेऊन थेटरात यायची. ऑपरेटर सोरोनबाय तिच्यासाठी तेवढंच रीळ लावायचा, मोल्डो, म्हणजे गावचा मुल्ला, पडद्यासमोर बसून कुराण म्हणायचा. जुनी फिल्म, चित्र थरथरायचं. मग आपा डोळे पुसत म्हणायची, "बघा, घोडा आवरेना त्याला."

आता बर्फ होता, खिंड होती, आणि ठिपका नव्हता.

"आपा, तो कॉम्प्युटरनं काढला असणार," राजधानीतून आलेला इंजिनियर तिलेक समजुतीनं म्हणाला. "जुन्या फिल्मवर धूळ असते, डाग असतात. ते सगळं साफ होतं."

"माझ्या नवऱ्याला डाग म्हणतोस, मेल्या?"

झालं! थेटरभर संशयाचं वारं शिरलं. एकाला आजीच्या सुरकुत्या कमी वाटल्या. दुसऱ्याच्या मामाच्या नाकावरचा मस गायब झाला होता, म्हणजे मामा मुळात त्या पिक्चरमध्ये होता की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं, पण मस हवा होता.

सगळ्यात खूश झाला सोरोनबाय. डिजिटल आल्यापासून त्याचं जुनं यंत्र भंगारात निघालं होतं. "मी बोंबलून सांगत होतो," तो म्हणाला, "फिल्ममध्ये जीव असतो."

"जीव नाही, सोरोनबाय आके, बुरशी असते," तिलेक म्हणाला.

"तुमचं नंतर बघा," आपा म्हणाली. "शुक्रवारी त्याचा दिवस आहे. तोवर मी अन्नाला शिवणार नाही. तेव्हाही तो दिसला नाही तर नंतरसुद्धा नाही."

लोकांना वाटलं, रागाच्या भरात बोलली. पण शेजारणीनं नेलेलं सूप जसंच्या तसं परत आलं. सकाळी दूधही परत आलं, तेव्हा मात्र गाव घाबरलं. म्हातारी हट्टी, एकटी, आणि मरायला तिला फारसं काही आडवं येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोरोनबायनं जुनं यंत्र जागेवर ओढलं. "आज दाखवतोच, फिल्म म्हणजे काय चीज असते!" गाव लोटलं. आपाला दोघींनी धरून आणून बसवलं. यंत्र खडखडलं, पिवळट, ओरखड्यांचं चित्र नव्या पडद्यावर थरथरायला लागलं आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. घोडे आले. खिंड आली.

ठिपका याही वेळी नव्हता.

सोरोनबायच्या तोंडचं पाणी पळालं. हयातभर ज्या फिल्मच्या जिवावर भांडला, तीच अशी उलटावी? नीट बघावं म्हणून त्यानं भांबावून यंत्र थांबवलं.

"आके, थांबवू नका! दिवा चालू आहे!" तिलेक धावला.

त्या दिव्यापुढं फिल्म उभी राहिली की संपलीच. पडद्यावरची खिंड तपकिरी झाली, तिला फोड आले, आणि बघता बघता ती सगळ्यांसमोर वितळून गेली. घाईघाईत पुन्हा चालू केलेल्या यंत्रानं उरलेलं रीळ चावून टाकलं.

आपा या वेळी ओरडली नाही. "आधी नवरा घालवलात," ती हळूच म्हणाली, "आता डोंगरही जाळलात." त्यापेक्षा तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लोक गेल्यावर सोरोनबाय, तिलेक आणि एसेनकुल मागच्या आवारात एकमेकांच्या नावानं खडे फोडत उभे होते. तिथं कोळशाच्या ढिगावर थेटरचा जुना पडदा पांघरला होता. बोलता बोलता तिलेक खाली वाकला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्याशी नाण्याएवढं भोक होतं, कडा जळालेल्या. कधी काळी कुणा पिदाडानं गॅलरीतून सिगारेट भिरकावली असणार. भोकातून काळा कोळसा दिसत होता.

"ना धूळ, ना नवरा," तिलेक पुटपुटला. "चित्र हलायचं, भोक जागच्या जागी. म्हणून तिला तो हलताना दिसायचा. आके, तुम्हाला कधी दिसलं नाही?"

"मी वरच्या खोलीत असतो रे. खुर्चीत बसून पिक्चर बघायला मी काय प्रेक्षक आहे?" सोरोनबायचा आवाज फाटला. "आणि तिला काय सांगू? बाई गं, तू जन्मभर भोकापुढं रडलीस?"

"मग तुम्ही सांगू नका. मी तर नाहीच सांगणार."

दोघांची नजर थेटराच्या दाराकडे वळली. एसेनकुलनं ती बरोबर ओळखली. "खबरदार! नव्या पडद्याला कुणी बोट जरी लावलं तर उद्यापासून घरी. कीव घरी करायची, इथं नाही. कळलं?"

"छे छे," दोघं एकदम म्हणाले.

शुक्रवारी दुपारी सोरोनबाय शिडी घेऊन पडद्यामागे शिरला. तिथं मिट्ट काळोख. जुन्या पडद्यावर वितीनं मापून घेतलेली जागा त्यानं चाचपून काढली, आणि नोकरीवर पाणी सोडून चाकूनं चांगलं ऐसपैस भोक पाडलं. खाली उतरून तो आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांत येऊन बसला.

आपाचा चेहरा चिपाडासारखा झाला होता. टोपली मांडीवर, शेजारी मोल्डो. तिलेकनं डिजिटल यंत्र चालू केलं आणि तोही खाली आला. घोडे निघाले. लख्ख बर्फाची खिंड आली, आणि बर्फात काळा ठिपका.

"आला!" कुणीतरी ओरडलं.

सोरोनबायनं सुस्कारा सोडला आणि तो अर्ध्यावरच अडकला. ठिपक्याला खेटून दुसरा ठिपका होता. त्यानं तिलेककडे पाहिलं. तिलेक नखं बघत होता. पुन्हा वर पाहिलं तर त्या दोघांच्या मध्ये, पेनाच्या टोकानं पाडल्यासारखा, एक इवलासा तिसरा. मागच्या रांगेत मॅनेजर एसेनकुल बुटाची नाडी बांधायला वाकला तो वर येईना.

डिजिटल चित्र जराही थरथरत नव्हतं. तिघं खिंडीत शांत उभे होते.

आपा डोळे बारीक करून पुढं सरकली.

"तो आहे," ती म्हणाली. "ही धिप्पाड कोण?"

मग तिचं बोट मधल्या इवल्या ठिपक्याकडे गेलं.

"आणि लेकरूसुद्धा!" तिचा आवाज चढायला लागला. "आधी घोडा तरी चुळबुळ करायचा. आता बघा, जागचा हलत नाही तिच्यापासून! आणि इकडं मी तेल जाळतेय, डोळे फोडून घेतेय!"

"आपा," मोल्डोनं घाबरत विचारलं, "कुराण सुरू करू ना?"

"डोकं फिरलंय तुमचं? जिवंत माणसाच्या नावानं?"

तिनं टोपलीवरचं फडकं ओढून काढलं, एक बोरसोक तोंडात कोंबला, आणि पडद्याकडे रागानं बघत चावायला लागली. पहिला संपायच्या आत तिनं दुसरा उचलला.