थुतमोसाचा गड उतरून घेतल्याची हकीकत

अल्लाच्या कृपेने, नाईल नदीच्या साक्षीने आणि तांता शहरातील सेवानिवृत्त शिक्षक मंडळाच्या हुकुमावरून ही हकीकत कागदावर चढविली जात आहे. लिहिणार अरबी भाषेचा पेन्शनर मास्तर, उमर अडुसष्ट, मोहिमेत पुढून तिसरा चालत होता, सबब बहुतेक मजकूर डोळ्यांदेखत पाहिलेला आहे, आणि जो पाहिला नाही तो मागाहून हाज्जा इन्साफ यांनी सांगितलेला आहे, आणि त्या खोटे बोलत नाहीत, कारण बोलल्या तर लगेच हसू फुटते.

त्या समयी तांत्यात उस्ताद रागिब अल-बहरावी म्हणोन इतिहासाचे नामांकित मास्तर होते. छत्तीस वर्षे त्यांनी शाळेत अंमल केला आणि दरसाल हिवाळ्यात तिसऱ्या थुतमोस बादशहाची कबर ऐसी शिकविली की पोरे श्वास रोखून ऐकत. डोंगराच्या कपारीत दडलेली वाट, मग खोल विहीर, मग अंडाकृती दालन, भिंतीवर काड्यांसारखी माणसे, आणि वरती निळ्या छतावर पिवळे तारे. पिवळा खडू झिजून नखाएवढा उरे तोवर उस्ताद फळ्यावर तारे काढीत आणि अखेरीस छातीवर हात ठेवून म्हणत की हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

परंतु खरी गोष्ट ऐसी जे, उस्तादांनी त्या कबरीत कधी पाऊल ठेवलेच नव्हते. बंद जागेची त्यांना बेहद्द दहशत होती. शाळेच्या सहलीबरोबर अकरा वेळा ते कबरीच्या मुखापर्यंत गेले आणि अकराही वेळा मुलांना आत धाडून स्वतः पिशव्या राखीत बाहेर बसले. हे गुपित त्यांनी कोणासही कळू दिले नव्हते, निदान त्यांची समजूत तशी होती.

मग तूबा महिन्याच्या कडक थंडीत मंडळाची स्वारी लुक्सोरास निघाली. चौदा मास्तर आणि मास्तरणी, सोबत उकडलेली अंडी, चीज आणि फतीर रोट्यांचे तीन डबे, आणि रक्तदाबाच्या गोळ्या सर्वांच्या मिळून एका थैलीत, सबब कोणाची कोणती यावरून वाटेतच दोन लढाया झाल्या. उस्तादांचे जुने हाडवैरी, गणिताचे मास्तर फतहल्ला, हेही फौजेत सामील होते. इतिहास हा विषय ज्यांना हिशेब येत नाही त्यांच्यासाठी काढला आहे, ऐसे ते शाळेत असल्यापासून म्हणत आले होते, आणि लेखकाचे मत विचाराल तर त्या माणसाच्या चहातही साखर मोजून पडत असे.

राजांच्या खोऱ्याच्या दरवाजावर वाटाड्या उभा होता, तो निघाला शहाता, उस्तादांचाच जुना विद्यार्थी. त्याने उस्तादांना पाहताच धावत येऊन हाताचे चुंबन घेतले आणि चौदा जणांसमक्ष जाहीर केले की,

"मी वाटाड्या झालो तो या माणसामुळे! थुतमोसाची कबर मी आधी यांच्या फळ्यावर पाहिली, मग डोंगरात. सगळं तंतोतंत तसंच!"

हे ऐकून मंडळाची छाती फुगली आणि उस्तादांचे पाय गार पडले.

तेथील कायदा ऐसा जे, एका तिकिटावर तीन कबरी पाहाव्या, आणि प्रत्येक दारी पहारेकरी तिकिटास एक भोक पाडी. दोन भोके सोप्या, सपाट कबरींवर खर्च झाली होती. त्या रुंद होत्या, सबब त्यात उस्ताद दारापासून दहा पावले आत जाऊन, वा वा म्हणून, परत फिरले होते. तिसऱ्या भोकासाठी मसलत बसली. उस्तादांनी नाना तऱ्हेने सुचविले की जवळच एक रुंद, हवेशीर कबर आहे, तिथे बसायला सावलीही आहे. तेव्हा शहाताने हात वर करून सांगितले की माझे उस्ताद आले असता दुसरी कबर दाखवली तर मी तोंड कुठे लपवू? आणि तेरा जणांनी हात वर केले. चौदावा हात उस्तादांचा, तो कपाळावर होता.

आता या गडाचे वर्णन केले पाहिजे. बाकीचे गड चढून घेतात. हा आधी चढावा लागे आणि मग उतरून घ्यावा लागे. दोन कड्यांच्या चिरेत लोखंडी जिना उभा टाकलेला, त्याच्या शेंड्यावर काळे चौकोनी तोंड, आणि त्या तोंडातून आत जो उतार लागे तो थेट डोंगराच्या पोटात. मंडळातल्या हाज्जा मुनीराबाई अर्ध्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "या राजाला पुरलं की फेकलं?" फतहल्ला पायऱ्या मोठ्याने मोजू लागले, परंतु मध्येच धाप लागून आकडा हुकला, पुन्हा खाली जाऊन मोजण्याची ताकद उरली नाही, आणि त्या दिवशी ते प्रथमच गप्प बसले.

मग कबरीच्या मुखाशी उस्तादांनी शेवटचा मोर्चा बांधला. गुडघा पुढे केला. गुडघ्याने काम होईना तेव्हा रक्तदाब पुढे केला. मग अखेरचे हत्यार काढले की, तुम्ही सर्व निर्धास्त जा, मी पिशव्या सांभाळतो.

हाज्जा इन्साफ, म्हणजे उस्तादांच्या पत्नी, यांनी सर्व पिशव्या आधीच पहारेकरी जाद याच्या हवाली केल्या होत्या. जाद हा नाईलच्या पश्चिम काठचा गडी, डोक्यास पांढरे मुंडासे, तो दगडावर टेकून म्हणाला, "जावा की उस्ताद. खाली भूतबित काय न्हाई. नुसतं उकडतंय."

हाज्जांनी उस्तादांना चार पावले बाजूस घेतले.

"अहो, चौथ्या मजल्यावर राहून बत्तीस वर्षांत एकदा लिफ्टमध्ये चढला नाहीत तुम्ही. झोपताना दार उघडं लागतं तुम्हाला. तुम्ही थडग्यात उतरलात, हे मी खरं मानलं असेल असं वाटलं तुम्हाला?"

उस्ताद म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"पोरं इतकी खूश व्हायची, म्हणून. आता माझ्या खांद्यावर हात ठेवा, डोळे मिटा, आणि चला. भीती वाटली तर मला चिमटा काढा, ओरडू नका. मागे फतहल्ला आहे."

येणेप्रमाणे उस्तादांनी डोळे मिटून आत प्रवेश केला. हाज्जा पुढे, उस्ताद मागे, आणि लेखक त्यांच्या मागे, सबब पुढचा मजकूर अस्सल आहे. पहिल्या उतारावर उस्तादांनी कुराणातली आयतुल कुर्सी तीन वेळा म्हटली. विहिरीवरच्या फळीवर आले तेव्हा फळी वाजली आणि हाज्जांना पहिला चिमटा बसला, तो त्यांनी सोसला. दुसऱ्या उतारावर हवा दाट झाली, सगळ्यांच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या, कोणाचा तरी चष्मा वाफेने आंधळा झाला. उस्ताद तेथे उभे राहिले. पाय पुढेही पडेना आणि मागेही पडेना, आणि लेखकाच्या मागे अकरा माणसे तुंबली. तेव्हा लेखकाला फार वाईट वाटले, कारण असा भला माणूस थरथरताना पाहू नये. हाज्जा नुसत्या म्हणाल्या, "आणखी नऊ पायऱ्या." त्या नऊ झाल्यावर म्हणाल्या, "आणखी नऊ." ऐसे चार वेळा खोटे बोलून त्यांनी नवऱ्यास तळास पोचविले. अंधारात त्यांना हसू फुटले असल्यास ते कोणास दिसले नाही.

मग सर्व फौज अंडाकृती दालनात जमा झाली. शहाताने सर्वांस गप्प केले आणि हात जोडून म्हणाला, "उस्ताद, इथे मी बोलणार नाही. इथे तुम्ही बोला. शाळेत सांगायचात तसं."

सर्वांच्या माना वळल्या. फतहल्ला पुढे सरकले. उस्ताद दालनाच्या मधोमध उभे, डोळे घट्ट मिटलेले, एक हात हाज्जांच्या खांद्यावर. मग ते बोलले, आणि आवाज शाळेतला नव्हता.

"शहाता, बाळा, मी इथे कधी आलोच नव्हतो."

मग त्यांनी उरलेलेही सांगून टाकले.

"दारापर्यंत यायचो. पुढे पाय पडायचा नाही. मी तुम्हा सगळ्या पोरांशी छत्तीस वर्षं खोटं बोललो. एका पुस्तकात एक चित्र होतं, तेही काळं-पांढरं. त्यावरून सांगायचो."

फतहल्लांनी तोंड उघडले. हाज्जांनी त्यांच्याकडे नुसते पाहिले, आणि ते मिटले.

शहाताने छताकडे पाहिले. मग हळूच विचारले, "काळं-पांढरं? मग तारे पिवळे कसे?"

"ते मी मनानं केले. राजा एवढा मोठा, त्याला पांढरे तारे कसे द्यायचे?"

तेव्हा शहाताने उस्तादांचे दोन्ही खांदे धरले. "उस्ताद. डोळे उघडा."

"नको रे."

"उघडा हो. पिवळेच आहेत."

मग उस्तादांनी डोळे उघडले. आधी एक, मग दुसरा. मान मागे टाकली. वरती निळे छत, आणि त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तारे, शेकडो, आणि सर्व पिवळे. उस्तादांची टोपी मागे पडली, ती कोणी उचलली नाही. चौदा पेन्शनर माना वर करून उभे राहिले आणि रक्तदाबाची आठवण कोणास झाली नाही. फतहल्लांनी तारे मोजावयास सुरुवात केल्याचे लेखकाने पाहिले, परंतु ओठांतल्या ओठांत, कोणास त्रास न देता, आणि त्याबद्दल लेखकाने त्यांना मनोमन माफ केले.

येणेप्रमाणे तूबा महिन्यात, गुरुवारी, दुपारच्या नमाजाआधी, उस्ताद रागिब अल-बहरावी यांनी थुतमोसाचा गड उतरून घेतला. जायबंदी एक टोपी, हाज्जांच्या खांद्यावर सात चिमटे. फत्ते जाहली खरी, परंतु पुढे निराळाच पेच पडला, तोही नमूद करणे प्राप्त आहे. जादने वरून तीन वेळा हाक घातली, बाकीची फौज वर गेली, दुसरी फौज खाली आली, आणि गड घेणारे काही गड सोडीनात. अखेर हाज्जांनी बाही ओढली की चला आता, जीव गुदमरतोय माझा, किती वेळ इथे?

उस्तादांची मान वरच होती.

"थांब गं," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं सांगत आलोय. जरा बघू दे."