काका, पाणी किती?

पाऊस थांबला की मोजणीकाकांचा फोन वाजायचा. एरवी तो टेबलावर पालथा पडलेला असे आणि काका खुर्चीत जवळजवळ तसेच. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, बायको जाऊन नऊ. मुलगा सातासमुद्रापार. काकांच्या घरामागच्या डोंगरात एक घळ होती, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकी अरुंद. शहरातली हौशी मंडळी दोर लावून तिच्यात उतरत, आणि पावसानंतर आत किती पाणी साठलंय हे सांगणारा माणूस एकच. "काका, पाणी किती?" असा फोन यायचा. काकांनी "घोट्यापर्यंत" किंवा "कमरेएवढं" म्हटलं की "थँक्यू, काका" आणि खट्. काकांचा चेहरा त्यांच्यापैकी एकानेही पाहिला नव्हता.

त्या आठवड्यात मात्र आक्रीत घडलं. या हौशी मंडळाच्या प्रमुख, दातांच्या डॉक्टरीणबाई, फोनवर म्हणाल्या, "काका, शनिवारी तुम्हीपण चला ना. आमच्यातला एक जण गळालाय, जागा आहे."

"बघतो," काका तोऱ्यात म्हणाले आणि फोन ठेवून बूट पुसायला बसले. तीन दिवस पुसत होते. आणि गुरुवारी पाऊस कोसळला.

शुक्रवारी दुपारी काका घळीच्या काठावर गेले आणि वजन बांधलेली, फूट-इंचांच्या खुणा केलेली दोरी त्यांनी आत सोडली. तीन फूट दहा इंच. कमरेच्या वर पाणी असेल तर सहल रद्द, हा नियम त्यांचाच. काकांनी पुन्हा मोजलं. तीन फूट दहा इंच. तिसऱ्यांदा मोजलं, तर तीन फूट अकरा. ज्या माणसाने एकेका इंचापायी सख्ख्या भावांना कोर्टाची पायरी चढायला लावली, तो आज इंचांची भीक मागत होता.

"वजन एखाद्या फटीत गेलं असणार," काका स्वतःशी म्हणाले. आशा वेडी असते. त्यांनी झाडाला दोर बांधला आणि खात्री करायला स्वतःच आत उतरले. तळाशी पाण्याने कोरलेला एक मोठा रांजणखळगा होता. त्याच्या शेवाळलेल्या कडेवर पाय ठेवताच हातातला दोर सुटला आणि काका बसल्या बसल्या घसरत आत गेले. उभे राहिले तेव्हा पाणी बरोब्बर छातीपर्यंत होतं. दोरीने उगाच बोलणी खाल्ली होती.

चारी बाजूंनी गुळगुळीत दगड आणि दोराचं टोक हाताच्या वर दोन वीत. पाऊण तास धडपड झाली. एकट्याने घळीत उतरू नये, असा बोर्ड त्यांनीच स्वतःच्या अक्षरात रंगवून वर ठोकला होता, त्यामुळे हाक मारायचीही लाज वाटत होती. तेवढ्यात गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन वाजला. वर आभाळाची चीर दिसत होती, म्हणून रेंज होती.

"काका, पाणी किती?"

"छातीपर्यंत."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"थंड आहे का?"

"दात वाजतायत. म्हणजे, वाजतील."

"बाहेर निघता येईल ना?"

"पकडायला काही नाही. पाऊण तासात माणूस थकून जाईल."

"बाई गं! किती बारीक बघता हो तुम्ही! मग रद्दच करते. तुमचा आवाज का घुमतोय?"

"न्हाणीघरात आहे."

"थँक्यू, काका." खट्.

काकांना पाण्यापेक्षा त्या खट्चीच थंडी जास्त वाजली. अहवाल इतका चोख दिला होता की उद्या इकडे कुणीच फिरकणार नव्हतं. सहल गेली होती, आणि सहलीबरोबर काकाही जायच्या बेतात होते.

पुन्हा फोन वाजला. मुलाचा, दर शुक्रवारचा.

"बाबा, कसे आहात?"

"मजेत."

"काय करताय?"

"उभा आहे."

"बसा की जरा. या वयात जास्त उभं राहू नये."

"बसलो तर पंचाईत होईल रे."

"बरं, मीटिंग आहे. जपा."

हजारो मैलांवरच्या पोराला काय सांगणार? काकांना एकदम रडू आलं. पाणी आधीच इतकं होतं की ते कळलंही नसतं. शेवटी लाज गिळून त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"अहवालात एक दुरुस्ती आहे."

"पाणी ओसरलं?"

"नाही. खळग्यात एक अडथळा आहे."

"लाकूड?"

"नाही."

"जनावर? मेलेलं?"

"अजून नाही. मोजणीदार आहे."

बाई नुसत्या ओरडल्या, "काका, हलू नका!"

"कुठे हलणार?" काका म्हणाले, तोवर फोनने मान टाकली.

तासाभरात सहा जण दोर घेऊन हजर झाले. सामान उद्यासाठी बांधलेलंच होतं. ऊन उतरायच्या आत काका वर आले, दोन टॉवेल आणि कुणाच्या तरी स्वेटरात गुंडाळलेले. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही असे दिसता होय! मला वाटलं होतं, उंच असाल."

"उंच असतो तर बाहेर आलो असतो," काका म्हणाले. सगळे हसले. काकाही हसले.

मंडळात बँकेतला एक कॅशियर होता. फॉर्म भरल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. अपघात झाला की घरच्यांना कळवायचं, असा त्यांचा नियम. त्याने पेन काढलं. "काका, घरच्या माणसाचा नंबर सांगा."

मुलाचा नंबर फोनमध्ये होता आणि फोन बंद पडलेला. काकांनी डोळे मिटले आणि घडाघडा दहा आकडे म्हणून दाखवले. कॅशियरने नंबर लावला. दोन पावलांवर डॉक्टरीणबाईंच्या खिशात फोन वाजू लागला.

"काका, हा तर डॉक्टरांचा नंबर!"

"हो," काका ओशाळून म्हणाले. "दुसरा पाठ नाही."

कुणीच हसलं नाही. कॅशियर फोन बंद करणार होता, पण बाईंनी खिशातला फोन काढून कानाला लावला आणि काकांकडे बघत विचारलं, "हॅलो, काका, दुपारी जेवलात का?"