हाच तो, सोडू नका

एखाद्याला मार द्यायचा तर पूर्वी केवढा खटाटोप! आधी त्याची ओळख हवी, मग वैर हवं, आणि मुख्य म्हणजे खुर्चीतून उठायला हवं. इंटरनेटने या तिन्ही गैरसोयी दूर केल्या, असं नवघरच्या सागरदीप सोसायटीचे सेक्रेटरी गोपीनाथराव मनापासून मानत.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिनही तेच. आलेला इशारा पाच मिनिटांत पुढे पाठवायचा, असा त्यांचा नियम. (लिफ्ट चार महिने बंद होती, तिला नियम नव्हता.) मुलं पळवणाऱ्या टोळीचे इशारे त्या आठवड्यात चौऱ्याऐंशी आले, पळवलेली मुलं शून्य. हे आपल्या जागरूकतेचंच यश, असं त्यांनी जाहीर केलं. एकोणचाळीस अंगठे आले.

रविवारी सकाळी फोटो पडला: गेटजवळ पाठमोरा माणूस, खांद्यावर गोणी, समोर लहान मुलगी. दुसऱ्या मजल्यावरच्या निकेतने लिहिलं, "काका, हा पोरीला खाऊ देतोय. गोणी पण हलतेय." गोपीनाथरावांनी फोटो तडक अकरा ग्रुपवर धाडला. खाली लिहिलं, "हाच तो. सोडू नका."

लोकांनी सोडलं नाही. मीटिंगला कोरम न भरणारी सोसायटी चार मिनिटांत गेटवर हजर झाली.

गोपीनाथराव चहा संपवून जिन्याने उतरले. गोणी फाटली होती आणि फणस फुटून रस्त्यावर पडला होता. शेजारी रक्तात पडलेला माणूस पुटपुटला, "भावोजी... त्या पोरीला ताईचं घर विचारत होतो हो."

अरे देवा! सदू. बायकोचा एकुलता भाऊ. बहिणीच्या नव्या घरी पहिल्यांदाच आला होता, रत्नागिरीहून, तिच्या आवडीचा फणस घेऊन.

गोपीनाथरावांनी फोन काढला आणि आधी मेसेज खोडला. (अ‍ॅम्ब्युलन्सला नंतर फोन केला.) बाकीच्यांनीही खोडले. सागरदीपमध्ये एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

सदू अजून शुद्धीवर नाही. हॉस्पिटलच्या बाकावर सुगंधाबाई नवऱ्याचा हात घट्ट धरून विचारतात, "अहो, माझ्या भावाला सोडू नका म्हणणारा मेला कोण तो? तुम्ही अ‍ॅडमिन ना, शोधा की!"

"शोधतोय," गोपीनाथराव म्हणतात, आणि फोनमध्ये डोकं घालतात.

त्या अकरा ग्रुपपैकी एक तुमचा होता. तुम्ही मारलं नाहीत, फक्त पुढे पाठवलंत, हे अगदी मान्य. खोडलंत ना पण?