मांडवाचा डुमर

घनश्याम वन समितीचा अध्यक्ष झाला तेव्हापासून जमुनाबाईंना तो पोटचा पोरगा वाटेनासा झाला होता. पोटचा पोरगा आईला "माय, जेवाले वाढ" म्हणतो. हा म्हणायचा, "माय, नियमानं पाहिलं तर..." नियमानं पाहिलं तर चुलीतली काडी सरकारची. नियमानं पाहिलं तर बकरीनं कुठं तोंड घालावं, त्यालाही कागद. आणि आज, सख्ख्या लेकीच्या हळदीच्या दिवशी, हा दारात आडवा उभा राहून सांगत होता की मांडवाला डुमर तोडता येणार नाही.

"काऊन नाही?" जमुनाबाईंनी विचारलं.

"झाड सरकारी जागेवर हाये, माय. ओली डहाळी तोडाले परवानगी लागते."

"तुह्या लग्नात डुमर तिथूनच आला. माह्या लग्नात तिथूनच आला. तवा सरकार नव्हतं का?"

"तवा समिती नव्हती."

"तवा तू अध्यक्ष नव्हता, असं मन."

या घराची रीत अशी, की मांडवाला बांबू कुठलाही चालतो, वरचा पालाही कुठला चालतो. पण मधोमध उंबराची, म्हणजे इकडच्या बोलीत डुमराची, हिरवी डहाळी हवी. तीही घरच्या जावयानं स्वतःच्या हातानं तोडून आणलेली. ती रोवल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. चेतना सकाळपासून पिवळं लुगडं नेसून बसली होती. हळद चार वाजता होती. आणि जमुनाबाईंचा जावई शालीकराम, गोंदियाला मोबाईलची कव्हरं विकणारा माणूस, कुऱ्हाड दोन बोटांत मोबाईलसारखी धरून अंगणात उभा होता.

"माय, मी जाऊ का नोको?" त्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

"जरासे थांबा, जवाईबुवा." जमुनाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या शाळेत दुसरीपर्यंतच गेल्या होत्या. तिसरीच्या तोंडाशी मास्तरांनीच हात जोडले होते. पण भांडायचं तर पक्क्या माहितीवर, हा त्यांचा नेम होता. "घनश्याम, हे परवानगी कोन देते?"

परवानगी लागते हे तो दहा महिने सांगत होता. ती देतं कोण, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"गार्डसाहेबाले माहीत असंन," तो म्हणाला.

वनरक्षक इंद्रकुमार तेंदूपानांच्या फडावर पुडके मोजून घेत होता. बिचारा सरळ माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, पयले झाड कोनत्या जागेवर हाये ते पाहा लागंन."

मग चौघांची वरात गावच्या वळणावर गेली. तिथं तो जुना डुमर उभा होता आणि त्याच्या पलीकडे, दहा पावलांवर, घनश्यामनं अध्यक्ष झाल्याबरोबर ठोकलेला टिनाचा फलक. इंद्रकुमारनं झाडाला दोन फेऱ्या मारल्या, पावलं मोजली, मग मोबाईलवर नकाशा उघडला. नकाशात ते चौघंही तलावात उभे होते. त्यानं मोबाईल खिशात घातला.

"असं हाये आजी. मुळं गेले मुनाऱ्याच्या, मंजे हद्दीच्या खुनेच्या, खालून जंगलात. मंजे बुड आमचं. खोड रस्त्याच्या हद्दीत, ते बांधकामवाल्याईचं. आन् डहाळ्या झुकल्या हापशीवर, मंजे ग्रामपंचायत."

"आन् फळं?"

इंद्रकुमारनं वर पाहिलं. "फळं... पाखराईचे."

"अवं बाप्पा! एका डुमराचे चार मालक!" जमुनाबाई झाडाकडे नव्या नजरेनं पाहू लागल्या. "माह्या घरात तीन सुना हायेत, तरी चूल एकच हाये. मंग परवानगी कोनाची?"

"तिघाईची. तीन अर्ज, मंग पाहनी, मंग पंचनामा. पंधरा दिवस धरा."

"पंधरा दिवस पोरीले पिवळ्या लुगड्यात बसवू का?"

"नियमानं पाहिलं तर..." घनश्यामनं सुरुवात केली.

"तू गप राय. गार्डसाहेब, बिनापरवानगी मानसाले काय नेता येते, तेवढं सांगा."

"वाळलेली, खाली पडलेली काडी. घरच्या जळतनापुरती. आन् तेही डोक्यावर. गाडीवर नाही."

जमुनाबाईंनी हे ऐकलं आणि त्यांना पुढं दहा प्रश्न पडले. काडी आपोआप पडली पाहिजे का? वाऱ्यानं पाडली तर वाऱ्याची परवानगी? बकरीनं ओढून पाडली तर पंचनामा बकरीचा? इंद्रकुमार एकेकाचं उत्तर शोधत घामाघूम झाला. या गडबडीत शालीकराम कधी सटकला, ते कुणाला कळलं नाही.

तो दिसला तो अर्ध्या तासानं. जंगलाच्या बाजूनं मोटरसायकल येत होती. वर शालीकराम, डोक्याला हेल्मेट आणि हेल्मेटवर दुपट्ट्यानं आवळून बांधलेलं डुमराचं हातभर लांब, वाळकं लाकूड. लाकडाच्या दोन्ही बाजूंना फाटे होते. लांबून सांबरच गाडी चालवत आहे असं वाटत होतं.

"थांबा!" इंद्रकुमार आडवा झाला. "गाडीवर लाकूड नेता येत नाही मनलं ना!"

"गाडीपर कहाँ है साहब?" शालीकराम मान न हलवता म्हणाला. "डोक्यावर हाये."

"पन डोकं गाडीवर हाये ना!"

"डोक्याले परवानगी लागते का?"

नोकरीच्या सहा वर्षांत इंद्रकुमारपुढं हा मुद्दा कुणी काढला नव्हता. त्यानं मोबाईल काढून मोठ्या साहेबांना लावला. "साहेब, एक विचाराचं होतं. लाकूड डोक्यावर हाये, आन् डोकं गाडीवर हाये... नाही साहेब... नाही जी, पेलेलो नाही, ड्युटीवर हावो... हॅलो?"

साहेबांनी फोन ठेवला होता.

"सोडा त्याईले," जमुनाबाईंनी निकाल दिला. "आन् जवाईबुवा, तुमी ते शिंगं उतरवा. वाळलं लाकूड सरनाले नेतेत, मांडवाले नाही. आपल्याले पोरीले हळद लावाची हाये, पेटवाची नाही."

शालीकरामनं शिंगं उतरवली. तीन वाजायला आले होते. घरून दोनदा निरोप येऊन गेला, की चेतना रडून राहिली आणि बायका विचारून राहिल्या, हळद वाटून वाळून चालली, पुढं काय? जमुनाबाईंना पहिल्यांदाच काही सुचेना. उभ्या आयुष्यात या बाईनं दिलेला शब्द मागं घेतला नव्हता, आणि आज सालेकसाच्या व्याह्यांना बिनडुमराचा मांडव दाखवायची पाळी आली होती. त्या मटकन सावलीत बसल्या.

बसल्या आणि त्यांना नवल वाटलं. सावली कशाची? डुमर तर पलीकडे होता. इथं होता नुसता टिनाचा फलक. टिनाची सावली चौकोनी असते, स्थिर असते. ही गार होती आणि हलत होती.

त्यांनी वर पाहिलं. फलकावर मोठ्या अक्षरांत घनश्यामचं नाव होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत नियम. दुसरीच्या शिदोरीवर त्यांनी अक्षरं लावली. 'हि-र-वे झा-ड तो-ड-णे गु-न्हा आ-हे.' आणि नियमाच्या बरोबर बाजूला, फलकाच्या उजव्या खांबाला, हिरवीगार डहाळी फुटली होती. लुसलुशीत, पोपटी, चांगली दोन हात लांब.

डुमराची.

"घनश्याम," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "हा खांब कायचा हाये रे?"

"लाकडाचा."

"कोन्या लाकडाचा?"

घनश्याम शालीकरामकडे पाहू लागला. शालीकराम इंद्रकुमारकडे. इंद्रकुमार उठून खांबाला हात लावून आला, मग डुमराच्या बुंध्याशी गेला. तिथं एका मोठ्या फांदीचा जुना घाव होता, खांबाएवढाच जाड. डुमराचं ओलं लाकूड आषाढात रोवलं की जीव धरतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अध्यक्षांना नसावं.

"अध्यक्षसाहेब," इंद्रकुमार म्हणाला, "नियमानं पाहिलं तर..."

"ते समितीच्या कामासाठी..." घनश्यामचा आवाज खोल गेला. "फलक लावाची घाई होती."

"याची परवानगी कोनं देल्ली?"

"राहू द्या गार्डसाहेब, त्याचा पंचनामा मी घरी करीन," जमुनाबाई म्हणाल्या. "तुमी मले येवढं सांगा. तुमच्या वहीत हे झाड मनून हाये का?"

"नाही. फलक मनून हाये."

"फलक कोनाचा?"

"समितीचा."

"आन् समितीचा अध्यक्ष कोन?"

सगळ्यांच्या माना एकदम घनश्यामकडे वळल्या.

"तोड ना माय, कायले विचारतेस," तो पुटपुटला.

"अशी कशी तोडू? मी काय चोर हावो का? कागद दे."

घनश्यामच्या खिशात कागद म्हणून एकच होता, लेकीच्या लग्नाची पत्रिका. तिच्या पाठीवर, भर रस्त्यात, मोटरसायकलच्या सीटवर ठेवून त्यानं लिहिलं, की फलकाच्या खांबाला आलेली पालवी तोडण्यास परवानगी आहे. सही केली. जमुनाबाईंनी तारीख घालायला लावली. मग शालीकरामनं दोन्ही हातांनी कुऱ्हाड धरली. तिसरा घाव बरोबर बसला. डहाळी डोक्यावर घेऊन तो पायी निघाला. गाडी मागं इंद्रकुमार ढकलत आणत होता, कारण त्याचा डोक्याचा मुद्दा अजून सुटला नव्हता.

चारला पाच मिनिटं कमी असताना डुमर रोवला गेला. वाजंत्री वाजली. जमुनाबाईंनी पहिली हळद चेतनाच्या गालाला लावली, दुसरी डुमराला, आणि हात तसाच पिवळा ठेवून त्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या घनश्यामपुढं गेल्या.

"आयक," त्या सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "तुह्यापेक्षा तो खांब बरा. त्याले तोडला, डोक्यावर टिन ठोकला, उरावर तुव्हं नाव लिवलं, तरी घरच्या लग्नाले त्यानं पाला देल्ला. तुले मी नऊ महिने पोटात वागवलं आन् अठ्ठेचाळीस वर्सं ताटात वाढलं, तरी तुले परवानगीबिगर पालवी फुटत नाही!"